परदेशीं संसार थाटतांना

इंग्रजी उत्तम येत असलें म्हणजे इंग्रजी बोलणारा कोणताहि देश परका वाटावयाचा नाहीं, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ झालेली आहे. आमच्या बुटीबोरीसारख्या गांवींहि ती आतां पोंचली आहे. नागपूर-वर्धा रेल्वेमार्गावरील हें गांव औद्योगिक वसाहतीमुळें वाढलें. पोटाच्या उद्योगासाठीं बाहेरगांवचीं कुटुंबें येथें आलीं, आणि त्याच कुटुंबांतील मुलें आतां अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशीं नांवें घेऊं लागलीं आहेत. मुलगा परदेशीं जाणार म्हणून घरांत आनंद व्हावा हें योग्यच होय. परंतु परवाना, तिकीट आणि लाडवांचा डबा एवढ्यानें तयारी पुरी होत नाहीं. परक्या भूमींत रुळणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचे पहिले धडे आपल्याच समाजांतील दोन स्त्रियांनीं सुमारें एकशें चाळीस वर्षांपूर्वीं गिरविले आहेत.

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. वय अवघें अठरा, आणि पति बरोबर नाहींत. समुद्रगमनानें जात जाते असें म्हणणारांस त्यांनीं निघण्यापूर्वींच श्रीरामपूर येथील भाषणांत सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार. न्यू जर्सींतील रोझेल गांवीं श्रीमती कार्पेंटर यांचे घरीं त्यांना आश्रय मिळाला. त्या बाईंस आनंदीबाई मावशी म्हणत. पुढें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत राहावयाचें आलें. तेथील थंडींत नऊवारी नेसण्याची पद्धति पुरी पडेना. तेव्हां साडी न सोडतां ती गुजराती पद्धतीनें नेसावयाची, असा मार्ग त्यांनीं काढला. शाकाहार मात्र सोडला नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता.

ह्या चरित्रांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. काय राखावयाचें व काय बदलावयाचें ह्याचा निर्णय आनंदीबाईंनीं स्वतः विचारपूर्वक केला, ही पहिली. आणि परक्या देशांत त्यांनीं एक मावशी जोडली, ही दुसरी. परंतु ह्या यशाची किंमतहि मोठी पडली. थंडी, अपुरा आहार व अभ्यासाचे श्रम ह्यांच्या ताणाखालीं प्रकृति खालावली. त्या १८८६ च्या अखेरीस क्षय घेऊनच परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांचे अस्थि श्रीमती कार्पेंटर यांनीं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत, न्यूयॉर्क राज्यांतील पकिप्सी येथें, ठेवविले. मुलांना पत्र लिहितांना परीक्षा, पगार व बढती ह्यांची चौकशी आपण अगत्यानें करतों. जेवतोस काय, झोपतोस किती, हें त्याआधीं विचारावें, एवढा बोध ह्या करुण कथेंतून सहज निघतो.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण आणखी निराळें आहे. त्या १८८३ मध्यें लहानग्या मनोरमेसह इंग्लंडांत गेल्या, आणि आनंदीबाईंच्या पदवीदानसमारंभाच्या निमित्तानें १८८६ मध्यें अमेरिकेंत उतरल्या. म्हणजे एका इंग्रजी भाषिक देशांतून दुसऱ्यांत जाऊन राहण्याचा अनुभव त्यांनीं घेतला. त्यांनीं त्या नव्या देशाचा एखाद्या शास्त्राप्रमाणें अभ्यास केला, आणि १८८९ मध्यें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला. राज्यव्यवस्था, शाळा, गृहस्थिति, स्त्रियांच्या संस्था ह्यांची त्यांनीं मोकळेपणानें स्तुति केली. आणि तेथील वर्णद्वेषाचा निषेधहि तितक्याच स्पष्टपणें केला. नव्या देशाकडे पाहावयाची खरी दृष्टि हीच.

आमच्या विदर्भापुरतें बोलावयाचें तर वर्धा येथें जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे आठवतात. क्रांतिकार्याच्या ध्यासानें ते अमेरिकेंत गेले, तेथें कृषिविद्या शिकले, आणि पुढें मेक्सिकोंत स्थायिक होऊन तेथील चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. मक्यावरील त्यांचें संशोधन त्या देशास उपयोगी पडलें. स्वातंत्र्यानंतर ते भारतांत परतले आणि १९६७ मध्यें नागपुरांत वारले. ज्या भूमीनें आसरा दिला तिच्या उपयोगीं पडणें हा तेथें रुजण्याचा सर्वांत सन्मान्य मार्ग होय, हें त्यांच्या आयुष्यावरून कळतें.

आतां आजच्या गोष्टीकडे वळूं. भाषा एक असली तरी रीति किती भिन्न असतात, हें घरगुती बाबींवरूनच पाहावें. अमेरिका व कॅनडा येथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात; ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें आपल्याप्रमाणेंच डाव्या. येथून कौतुकानें नेलेला मिक्सर अमेरिकेंत नीट चालत नाहीं, कारण तेथें विजेचा दाब सुमारें १२० व्होल्ट, आणि आपला २३०. ऑस्ट्रेलियांत दाब जुळतो, पण प्लग जुळत नाहीं. ऑस्ट्रेलियांत ऋतुचक्रच उलटें असल्यामुळें संक्रांत भर उन्हाळ्यांत येते. तेथें उतरतांना बी-बियाणें, दूध-तुपाचे पदार्थ वगैरे खाद्यवस्तु जाहीर कराव्या लागतात, आणि लपविल्यास दंड होतो. म्हणून सासूबाईंनीं पेटींत पुड्या कोंबण्यापूर्वीं नियम वाचवून घ्यावेत. संकटसमयीं फिरवावयाचा क्रमांकहि सर्वत्र एक नाहीं. अमेरिका-कॅनडांत ९११, ब्रिटनमध्यें ९९९, ऑस्ट्रेलियांत ०००, तर न्यूझीलंडांत १११. मुलांकडे राहावयास जाणाऱ्या वृद्धांनीं तो पहिल्याच दिवशीं पाठ करावा. अमेरिकेंत औषधोपचार अत्यंत महाग आहेत. तेव्हां विमा उतरविल्याखेरीज आईवडिलांनीं तेथें पाऊल टाकूं नये.

ह्याहून अवघड गांठ कायद्याची आहे. १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेनें राष्ट्रवार कोटा रद्द केला, १९६७ पासून कॅनडानें गुण देऊन निवड सुरू केली, आणि १९७३ मध्यें ऑस्ट्रेलियानें गोऱ्यांपुरतें धोरण सोडलें. म्हणून आपल्या लोकांस हीं दारें उघडलीं. परंतु अमेरिकेंत कायम वास्तव्याच्या नोकरीविषयक परवान्यांत कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांस साधारणपणें सात टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं, आणि भारतीयांची रांग फार लांबलेली आहे. रांगेंत उभें असतां मूल एकवीस वर्षांचें झालें तर बापाच्या अर्जावरील त्याचा आधार सुटूं शकतो. ह्याच धास्तीनें कित्येक कुटुंबें अमेरिकेंत बसविलेली घडी मोडून कॅनडा वा ऑस्ट्रेलिया येथें पुन्हां श्रीगणेशा करतात. बरें, नागरिकत्वाचेंहि असेंच. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. २००५ पासून दिलें जाणारें ओ. सी. आय. कार्ड येण्याजाण्याची व राहण्याची सोय करतें, मतदानाचा हक्क देत नाहीं. तेव्हां परदेशाचें नागरिकत्व घेण्याचा निर्णय घरांतील सर्वांनीं समजून-उमजून घ्यावा.

ह्या सर्वांत सुनेचा विचार मात्र शेवटीं होतो, तो प्रथम व्हावा असें आमचें स्पष्ट मत आहे. नवऱ्याच्या परवान्यावर अमेरिकेंत गेलेल्या पत्नीस नोकरी करण्याची सरसकट मुभा नाहीं. ज्यांच्या पतीचें कायम वास्तव्याचें प्रकरण बरेंच पुढें गेलें आहे, अशांनाच २०१५ पासून ती मिळूं लागली. येथें पदवी घेऊन पगार मिळविणारी मुलगी तेथें चार भिंतींत बसते. बाहेर बर्फ, घरांत मोलकरीण नाहीं, शेजारीं न कळवितां जावयाची रीत नाहीं. लग्न ठरवितांना पत्रिका पाहिली जाते. ह्या परवान्याचें कलम कोणी पाहत नाहीं. वधूपित्यांनीं तें अवश्य विचारावें, आणि त्यांत संकोचाचें कारण नाहीं.

परदेशांतील एकटेपणावर आपल्या लोकांनीं स्वतःच उपाय काढले आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेंतील मंडळांना जोडणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्यें स्थापन झालें, आणि त्याच्या मराठी शाळांतून तेथें जन्मलेलीं मुलें बाराखडी गिरवितात. तरी शाळा आठवड्यांतून एकदां. घरची भाषा रोजची. नातवंडाशीं फोनवर बोलतांना आजीआजोबांनीं मोडक्या इंग्रजीचा आश्रय न घेतां सोप्या मराठींत गोष्ट सांगावी, म्हणजे ती शाळा घरींच भरेल.

शेवटीं जो भाऊ येथें राहिला, त्याविषयीं. दूर गेलेल्याचें कौतुक चारचौघांत होतें. रात्रीं बाबांस रुग्णालयांत नेणारा मात्र जवळचा असतो. त्यास पैसे पाठविले म्हणजे हिशेब पुरा झाला असें परदेशस्थानें मानूं नये, आणि फोनवरून उपचारांचा उपदेश तर मुळींच करूं नये. जाण्यापूर्वींच सर्वांनीं एकत्र बसून आईवडिलांच्या आजारपणाचा भार, खर्चाची वांटणी, मृत्युपत्र व मुखत्यारपत्र ह्यांविषयीं स्पष्ट बोलावें. असें बोलणें अभद्र वाटतें खरें, पण न बोलण्यानें भावाभावांत जें वितुष्ट येतें तें त्याहून अभद्र. आणि भावजयीच्या श्रमांबद्दल दोन कृतज्ञतेचे शब्द वेळच्या वेळीं पोंचते करावेत. त्यांस परवाना लागत नाहीं.