ताणलं की एक्स्टेन्शन!

नगर जिल्ह्यात ‘एक्स्टेन्शन’ हा शब्द शिकायला शाळेत जावं लागत नाही. इस्त्रीची वायर पुरली नाही की एक्स्टेन्शन बोर्ड निघतो. पंचायत समितीत विस्तार अधिकारी भेटतात, म्हणजेच एक्स्टेन्शन ऑफिसर. आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात १९६८ पासून शिक्षण आणि संशोधनाच्या जोडीनं तिसरं काम चालतं, ते विस्तार शिक्षणाचं: विद्यापीठातलं ज्ञान बांधापर्यंत नेण्याचं.

मजा अशी, की हा पाहुणा आपल्याच गोतातला निघतो. लॅटिनमध्ये ‘टेन्डेरे’ म्हणजे ताणणं आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. संस्कृतातला ‘तन्’ धातूही ताणण्या-पसरण्याचाच, आणि दोघांचं प्राचीन मूळ एकच. तंतू, संतान, गवयाची तान ही सगळी त्या ‘तन्’ची लेकरं! उलट ‘लाँग’ आणि ‘लांब’ जुळे भाऊ वाटतात, पण त्यांचं नातं नाही. ‘लांब’ आला लोंबण्याच्या ‘लम्ब्’ धातूपासून. ‘लाँग’चा खरा भाऊबंद आपला ‘दीर्घ’, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

वापरातही खुबी आहे. पॅन्ट आखूड झाली म्हणून शिंप्याकडून खालची दुमड उसवून घेतली, तर ते ‘लेंग्थन’. आजारपण किंवा भांडण लांबलं, तर ‘प्रोलाँग’. आकारानं लांबुळकं झालं, ते ‘एलाँगेट’. ‘एक्स्टेंड’ मात्र रस्त्यालाही चालतं, तारखेलाही आणि मदतीसाठी पुढं केलेल्या हातालाही.

जिल्ह्यातला सगळ्यात देखणा विस्तार बघायचा असेल, तर नेवासा गाठा. गीतेचे श्लोक ७००. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी इथं त्यांचं मराठी केलं आणि सुमारे ९,००० ओव्या झाल्या! ज्या खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं परंपरा मानते, त्याचं नाव पैस. आणि ‘पैस’ म्हणजेच ऐसपैस, विस्तीर्ण. दुर्गा भागवतांनी याच खांबाचं नाव आपल्या पुस्तकाला दिलं आणि त्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बारापटीहून जास्त वाढूनही मजकूर कुठं पातळ होत नाही. एका कल्पनेतून दुसरी उमलते, दृष्टान्तामागून दृष्टान्त येतो आणि अर्थ आणखी जवळ येतो. पाल्हाळ आणि विस्तार यांतला फरक कुणाला समजवायचा असेल, तर ज्ञानेश्वरीचं एक पान पुरतं.

लांबण मात्र वेगळी. अकोले तालुक्यात प्रवरेवर निळवंडे धरण बांधायचं ठरलं १९७० मध्ये. त्याच्या डाव्या कालव्याचं, ८५ किलोमीटरच्या जाळ्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. एवढ्या काळात पाण्याची वाट बघणाऱ्यांची नातवंडं शेती करायला लागली. या लांबणीचा हिशेब कुठल्याच खर्चाच्या आकड्यात बसत नाही.

रेल्वेचंही तसंच. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये. नगरहून आष्टीला गाडी सुरू झाली २३ सप्टेंबर २०२२ ला आणि बीडला ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. प्रवाशांच्या भाषेत, ‘गाडी वाढवली’.

मुदत न सांगता लांबलेला मुक्काम नगरच्या भुईकोट किल्ल्यानं पाहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरूंना खटल्याशिवाय इथं आणून ठेवलं. त्यांच्या नऊ तुरुंगवासांतला हा सगळ्यात मोठा. १९४४ मध्ये याच किल्ल्यात त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ही इथलंच. शहरालगत अरणगावजवळच्या मेहेराबादला तर मेहेरबाबांचं मौन १० जुलै १९२५ ला सुरू झालं, ते ३१ जानेवारी १९६९ ला त्यांच्या देहाबरोबरच संपलं.

आणि ताजा नमुना जिल्ह्याच्या नावाचा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा इंग्रजी नाव दहा अक्षरांवरून अकरावर गेलं. मराठीत मात्र सातांची सहा झाली. बोटांवर मोजून बघा.