पहिली मुलाखत आणि पोटॅशियमचा प्रश्न
जीएनएम झाल्यावर माझी पहिली मुलाखत बडोद्याला होती. मेट्रनबाईंनी विचारलं, "डॉक्टर फोनवर म्हणाले, पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत द्या. काय कराल?" मी घाईत म्हणाले, "देईन." नोकरी तिथेच गेली. ते पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं! पेशंट तोंडी होता, म्हणून वाचला. तुम्ही सरळ सांगा, "तसं देणार नाही. लेखी ऑर्डर घेईन, सलाईनमध्ये मिसळून हळूहळू देईन, आधी सीनियर सिस्टरांकडून तपासून घेईन."

थेंबांचं गणितही हातानं करून जा. ५०० मिली, ४ तास, २० थेंबांचा सेट: मिनिटाला साधारण ४२. आणि हो, दुसऱ्या राज्यात जाताय ना? मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची चौकशी आधीच करा.