बांधील मतदाराचा पेच: पालघर, 2018
अनुसूचित जमातींसाठी राखीव पालघर लोकसभा मतदारसंघात 'बांधील मतदार', म्हणजे उमेदवार कोणीही असो, ठरल्या चिन्हालाच मत देणारा मतदार, 2018 मध्ये पेचात सापडला. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, तर भाजपच्या कमळाची उमेदवारी काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावित यांना मिळाली. 2014 मध्ये सुमारे 63 टक्के असलेले मतदान 28 मेच्या पोटनिवडणुकीत सुमारे 53 टक्क्यांवर उतरले. मात्र ही घट केवळ नाराजीची मानणे घाईचे ठरेल, कारण पोटनिवडणुकीत मतदान एरवीही कमी होते आणि त्या दिवशी मतदान यंत्रेही ठिकठिकाणी बंद पडली होती. गावित 29,572 मतांनी जिंकले; 2019 मध्ये तेच शिवसेनेच्या धनुष्यबाणावर पुन्हा निवडून आले.