डेक तिरपा, गवत तिरपं

ओहायोत मुलाच्या घरामागे अर्धा एकर हिरवळ आहे. बसून चालवायच्या यंत्रानं तो ती कापतो. पण गवतावर पट्टे उमटत; एक बाजू भादरलेली, दुसरी तशीच. "अब्बा, पाती बोथट झालीत," तो म्हणाला. पाती धारदारच होती. तिरपा झाला होता डेक, म्हणजे यंत्राच्या पोटाखाली टांगलेली, पाती झाकणारी लोखंडी परात.

आधी चाकांतली हवा बघावी. एका चाकात ती कमी असली, की सगळं यंत्रच कलतं आणि आपण उगाच नट पिळत बसतो. आमचं अर्धं काम तिथंच झालं.

मग यंत्र सपाट फरशीवर घ्यायचं. इंजिन थंड, किल्ली खिशात आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली. वायरीचा मुलाला कंटाळा. मी हटून बसलो. पातं हातानं फिरवताना इंजिन एकदा जरी उसळलं, तरी बोटं जातात. हातमोजेही जाड हवेत.

पातं आडवं करून डावं-उजवं टोक जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजायचं. दोन पाती असतील, तर बाहेरची टोकं धरायची. फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल, तर डेक ज्या दांड्यांना टांगलेला असतो, त्यांचा नट फिरवायचा.

नंतर पातं पुढं-मागं करायचं. इथं मात्र समानता नको! पुढचं टोक थोडं खाली हवं, बहुतेक यंत्रांत ३ ते ९ मिलिमीटर. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. नाहीतर पुढं कापलेलं गवत मागचं टोक पुन्हा ओरबाडतं.

पट्टे गेले. कुंपणाजवळ एक टापू अजून खरवडला जातो, पण तिथं जमीनच उंच आहे.