दोन भाषांची शाळा : लेखांक ४
दुसरीतला निकाल आणि आठवीतला

गेल्या लेखात आपण सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा खटला पाहिला. सगळ्यांना सारखी पुस्तकं आणि सारखे शिक्षक दिले म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ठरवलं. इंग्रजी न कळणाऱ्या मुलांसाठी शाळेने नेमकं काय करायचं, हे मात्र सांगितलं नाही. तिथून वाद पेटला.

१९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रॉन उन्झ यांनी पुढे आणलेला २२७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. अशा मुलांना घरची भाषा आणि इंग्रजी अशा दोन्हींत शिकवणाऱ्या द्विभाषिक वर्गांऐवजी साधारण वर्षभर खास इंग्रजी वर्गात बसवायचं आणि मग सर्वसाधारण वर्गात पाठवायचं. पोराला लवकर इंग्रजी यावं, ही स्थलांतरित आईबापांची तळमळ खरीच होती. चूक होती ती वर्षभराच्या हिशेबात.

मेक्सिकोहून आलेल्या घरातला दुसरीचा मुलगा घ्या. मधल्या सुट्टीत तो धडाधड इंग्रजी बोलतो. बाईंना वाटतं, जमलं याला. मग गणिताच्या तासाला उदाहरण येतं : मारियाकडे १२ पेन्सिली आहेत, त्या हुआनच्या पेन्सिलींपेक्षा ४ने कमी आहेत, तर हुआनकडे किती? ‘कमी’ दिसताच मुलगा वजाबाकी करून ८ लिहितो. उत्तर १६. इंग्रजी घरातलं मूलही इथे अडखळतं, पण वाक्य पुन्हा वाचून सावरू शकतं. या मुलाला ते वाक्यच पेलत नाही, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो ‘गणितात कच्चा’. टोरोंटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक फार पूर्वी दाखवून दिला होता : बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात.

मग निकाल कधी लावायचा? स्टॅनफर्डच्या इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यातल्या लॅटिनो मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. प्राथमिक शाळेत द्विभाषिक वर्गातली मुलं फक्त इंग्रजीत शिकणाऱ्यांच्या मागे दिसली. ‘आता इंग्रजी पुरेसं येतं’ हा शिक्का त्यांना उशिरा मिळाला. पण शालेय शिक्षण संपेपर्यंत तो मिळवणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यातच जास्त निघालं. दुसरी-तिसरीतच तुलना थांबवली असती, तर नेमका उलटा निष्कर्ष निघाला असता.

यावर एक रास्त शंका येते : असे वर्ग निवडणारे पालकच जास्त जागरूक असतील तर? ओरेगॉनमधल्या पोर्टलंडने तिचं उत्तर दिलं. तिथे द्विभाषिक वर्गांना जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून प्रवेश सोडतीने. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं रँड संस्थेच्या संशोधकांनी ताडून पाहिली. द्विभाषिक वर्गातली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढे होती. शाळेचा बराच वेळ दुसऱ्या भाषेत जाऊनही गणितात ती मागे पडली नव्हती. यात इंग्रजी घरांतली मुलंही होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी सोडतीमुळे या आकड्यांचं वजन मला मोठं वाटतं.

२०१६मध्ये कॅलिफोर्नियाने ५८ क्रमांकाच्या प्रस्तावाने २२७ची बंधनं उठवली. शाळांना द्विभाषिक वर्ग पुन्हा सुरू करायचे होते, पण शिकवणार कोण? मधल्या अठरा वर्षांत असे शिक्षक घडवण्याचं काम आटलं होतं. शिक्षकांच्या या टंचाईबद्दल पुढच्या आठवड्यात.