जुन्या संगणकाला नवा कारभारी

घरातला आठ-दहा वर्षांचा संगणक. पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत, आतली विद्युत्-मंडले ठाकठीक. तरी तो माळ्यावर टाकण्याची भाषा सुरू होते. कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला आणि ‘विंडोज ११’ अशा अनेक यंत्रांवर बसत नाही. म्हणजे जुनी झाली ती यंत्र चालवणारी आज्ञावली, यंत्र नव्हे. आणि आज्ञावली बदलता येते.

ती करते तरी काय? समजा, प्रयोगशाळेत चलसूक्ष्मदर्शक एकच आहे आणि विद्यार्थ्यांचे गट पाच. कुशल साहाय्यक तो आळीपाळीने देतो. शिवाय एका गटाने दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करू नये, याकडेही लक्ष ठेवतो. संगणकात हेच घडते, फक्त पाळी काही सहस्रांश सेकंदांची असते! म्हणून गाणे आणि टंकलेखन एकाच वेळी चालल्याचा भास होतो. या साहाय्यकाला ‘कर्नेल’ म्हणतात.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’ हा कर्नेल लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील इतर आज्ञावल्या त्याला जोडता आल्या. १९९२ मध्ये लिनक्सही ग्नूच्याच परवान्याखाली आला: मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. पैसे पडत नाहीत हा भाग माझ्या मते गौणच. ज्याचे झाकण उघडता येते, ते उपकरण शिकण्याच्या कामाचे.

आता प्रयोग. ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ची प्रतिमा-फाइल उतरवून घ्या. संकेतस्थळावर तिची ६४ चिन्हांची ‘शा-२५६’ खूण दिलेली असते; तीच खूण आपल्या संगणकावर काढून ताडून पाहा. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी खूण पार वेगळी येते. मग ती रिकाम्या पेन ड्राइव्हवर योग्य आज्ञावलीने लिहा (नुसती नक्कल चालत नाही) आणि संगणक त्यावरूनच सुरू करा. सारा कारभार आता तात्पुरत्या स्मृतीत चालतो. तुम्ही होऊन हात लावला नाही, तर हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते. आवाज, वायफाय, छपाईयंत्र चालते का, हे निवांत तपासा. पटले नाही, तर संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढा. पूर्वीची व्यवस्था हजर!

कायमची स्थापना मात्र घाईने नको. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय अक्षरशः तेच करतो. ताईच्या लग्नाची छायाचित्रे, आजोबांची कागदपत्रे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडतात का तेही पाहा. हिशेबाची एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालणारी असेल, तर दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी ठेवता येतात.

मराठी घरांत आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, जगभर एकच. जुन्या फाँटांत मात्र रोमन अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तो फाँट नसेल, तर आजोबांचा लेख रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. अशा फाइली जुनी व्यवस्था असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.