मद्यपी वाहनचालकांवरील खटले : सीमाभागातील नागरिकांनी कागदपत्रे कशी मिळवावीत?

पुण्याहून सोलापूर, उमरगा व हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हा पूर्वी महामार्ग क्रमांक ९ या नावाने परिचित होता. उमरगा तालुक्याची हद्द ओलांडली की प्रवासी कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात प्रवेश करतो. बसवकल्याण तालुक्यातील राजेश्वर हे गाव याच मार्गावर वसलेले आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंस सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे आणि मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच मोडत असत. पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि उर्वरित जिल्ह्याचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. नातीगोती पूर्वीप्रमाणेच राहिली. पोलीस ठाणी, न्यायालये आणि त्यांची दप्तरे मात्र वेगळी झाली.

या वेगळेपणाची झळ अपघातप्रसंगी विशेष जाणवते. उमरगा तालुक्यातील एखादा शेतकरी लग्नकार्यासाठी दुचाकीवरून निघाला आणि राजेश्वरजवळ मद्यधुंद चालकाच्या मालमोटारीने त्यास उडविले, अशी कल्पना करावी. जखमीस उपचारासाठी सोलापूरला हलविले जाते व तेथे त्याचा मृत्यू होतो. अशा वेळी मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल सोलापुरात तयार होतो. गुन्ह्याची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा व चालकाच्या रक्ततपासणीचे कागद बीदर जिल्ह्यात राहतात. दु:खात बुडालेल्या कुटुंबास कोणता कागद कोठे आहे, हे सांगणारे कोणी भेटत नाही आणि नुकसानभरपाईचा हक्क कागदांअभावी अडून बसतो. म्हणून या कागदपत्रांचा मार्ग समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार श्वासपरीक्षेत वा अन्य चाचणीत चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जागेवर तडजोड शुल्क भरून मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांत या कलमाचा समावेश नाही. त्यामुळे असे प्रकरण न्यायालयापुढे जाते आणि न्यायालयात त्याची नोंद राहते. कोणाचा मृत्यू झाला असल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याचे, व प्रसंगी सदोष मनुष्यवधाचे कलमही लागू होते.

अशा खटल्यांत कागदाला किती महत्त्व असते, याचे उदाहरण मुंबईतील आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली सापडून मृत्युमुखी पडले. चालकाच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम, असल्याचा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल या खटल्यात होता. उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी कायम केली.

कोणता कागद कोणाकडे?

पहिली गोष्ट ही की, फौजदारी प्रकरणाचे दप्तर आरोपीच्या वा पीडिताच्या गावी नव्हे, तर जेथे गुन्हा घडला तेथील ठाण्यात व न्यायालयात असते. राजेश्वरजवळील घटनेचे कागद उमरग्यास मागून मिळणार नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ नुसार घटना कोठेही घडली असली तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. परंतु शून्य क्रमांकाने नोंदविलेला असा गुन्हा पुढे संबंधित ठाण्याकडेच वर्ग होतो. म्हणून वर्ग केल्याचा दिनांक व तेथील नवा गुन्हा क्रमांक विचारून घ्यावा.

पोलीस ठाण्यात प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, अटकेची नोंद, श्वासपरीक्षेचा निष्कर्ष व वैद्यकीय तपासणीचे कागद तयार होतात. खबर देणारास व पीडितास प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, हे अहवाल २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावयाचे असतात. दळणवळणाची अडचण असल्यास ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. तसेच संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयी ठळकपणे प्रदर्शित करणे आवश्यक आहे.

अटक व तपासणी यांच्या कागदांवरील वेळा अवश्य ताडून पाहाव्यात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ प्रमाणे या गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीची तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हावी लागते. अन्यथा त्यास सोडून द्यावे लागते. पुढे खटल्यात वाद होतो तो पुष्कळदा या वेळांवरच.

ज्या प्रकरणी कोणास इजा झालेली नसते, तेथे पोलीस बहुधा थेट न्यायालयात अहवाल सादर करतात. अशा प्रकरणाचा प्रथम खबर अहवाल संकेतस्थळावर आढळला नाही, तर ते मिटले असा समज करून घेऊ नये. न्यायालयातील नोंद पाहावी. आरोपीने गुन्हा कबूल करून दंड भरला असल्यास संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या खटल्याचे दप्तर आटोपशीर असते. त्यात गुन्ह्याचा दिनांक, आरोपीचे नाव, त्याचे म्हणणे, निष्कर्ष व शिक्षा एवढेच तपशील आढळतात.

न्यायालयातील शोध

देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. प्रत्येक प्रकरणास १६ अंकाक्षरी सी.एन.आर. क्रमांक दिलेला असतो. तो ठाऊक नसेल तर राज्य, जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक किंवा पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. नावावरून शोध घेताना मराठी व कानडी नावांचे इंग्रजी स्पेलिंग निरनिराळे होते, हे लक्षात ठेवावे. गुन्हा क्रमांक व वर्ष ही खात्रीची खूण होय. संगणकाची सवय नसणाऱ्यांना अनेक न्यायालयांच्या आवारातील ई-सेवा केंद्रांतून साहाय्य मिळते.

संकेतस्थळावरील माहिती ही केवळ वाट दाखविते. पुरावा म्हणून प्रमाणित नक्कलच लागते. त्यासाठी संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे अर्ज करावा. अर्जात खटला क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाचा वा पुढील तारखेचा दिनांक आणि हव्या असलेल्या कागदांची नावे स्पष्ट लिहून विहित शुल्क भरावे. "सर्व कागद द्यावेत" अशी मोघम मागणी टाळावी. निकालाने बाधित झालेल्या व्यक्तीस नक्कल मिळण्याचा हक्क संहितेने दिलेला आहे. त्रयस्थास ती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार मिळते व मागणीचे कारण द्यावे लागते. न्यायालयीन दप्तराच्या नकला माहिती अधिकाराखाली नव्हे, तर न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. पोलिसांकडील माहितीसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग होऊ शकतो. तथापि तपासास बाधा आणणारी वा खाजगी स्वरूपाची माहिती नाकारली जाऊ शकते.

कर्नाटकातील कागद बहुधा कानडीत असतात. नक्कल हाती येताच तिचे विश्वसनीय भाषांतर करून घ्यावे व मूळ प्रत जपून ठेवावी. जुनी दप्तरे नियमानुसार ठरावीक काळानंतर नष्ट केली जातात. म्हणून विलंब करू नये.

भरपाईचा दावा मात्र घराजवळ

फौजदारी खटला कर्नाटकात चालला तरी नुकसानभरपाईसाठी कुटुंबाने तेथेच खेपा घालण्याचे कारण नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ अन्वये अर्जदार जेथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. या अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. कलम १५९ नुसार पोलिसांनी तीन महिन्यांच्या आत अपघाताचा माहिती अहवाल न्यायाधिकरणास सादर करावयाचा असतो. भरपाईवर हक्क सांगणारास वाहन, चालक व विमा यांची माहिती कलम १६० खाली ठाणे अंमलदाराकडून वा नोंदणी प्राधिकाऱ्याकडून शुल्क भरून मागता येते.

चालक मद्यपी होता हे सिद्ध झाल्यास आपली भरपाई बुडेल, या भीतीने काही कुटुंबे त्या कागदाचा उल्लेखच टाळतात. विमा कंपनीस असा बचाव घेता येतो हे खरे. परंतु अनेक प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीने पीडितास आधी रक्कम द्यावी व ती वाहनमालकाकडून नंतर वसूल करावी, असे आदेश दिले आहेत. तेव्हा सत्य दडविण्यापेक्षा विधिज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरते. खर्चाची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अल्प उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

मर्यादेचे भान

अटकेची नोंद म्हणजे अपराधाचा निर्णय नव्हे. खटल्याचा शेवट काय झाला हे न पाहता केवळ अटकेचा कागद गावभर दाखविणे अन्यायाचे होय. चालक नेमणाऱ्या वाहनमालकांनी परस्पर चौकशी करण्याऐवजी उमेदवारासच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणावयास सांगावे. दुसरीकडे, पूर्वीच्या शिक्षेची नोंद पुढे आली नाही तर दुसरा गुन्हाही पहिलाच समजला जातो. एका राज्यात शिक्षा झालेला चालक दुसऱ्या राज्यात निष्कलंक म्हणून उभा राहू शकतो. अशी माहिती ज्यास असेल त्याने ती न्यायालयाचे नाव व खटला क्रमांक यांसह तपासी अधिकाऱ्यास लेखी कळवावी.

सीमाभागातील ग्रामपंचायतींनी व शिक्षित तरुणांनी आपल्या गावातील अपघातग्रस्त कुटुंबांस निदान तीन गोष्टी टिपून देण्याचे साहाय्य करावे : पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक व त्याचे वर्ष. एवढी टिपणी हाती असली म्हणजे पुढील प्रत्येक कागदाचा माग काढता येतो, आणि घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबास आपल्या हक्कासाठी रिकाम्या हाताने उभे राहावे लागत नाही.